लोणंदची गेलेली गाडी आणि १:८७ चे गणित : वाहनांच्या प्रतिकृतींचा इतिहास

#थ्रेड #इतिहास

१/ लोणंद हे सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्याचे, कांद्याच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाणारे गाव आणि पुणे–मिरज लोहमार्गावरील स्थानक. सदर्न मराठा रेल्वेने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घातलेला हा मार्ग मीटरगेज होता. दोन रुळांमधील अंतर १,००० मिलिमीटर होते. १९७१ मध्ये त्याचे ब्रॉडगेज झाले आणि तेच अंतर १,६७६ मिलिमीटरवर गेले.

२/ गेज बदलले की बदल केवळ रुळांपुरता राहत नाही. इंजिन, डबे, चाकांचे आस, सगळेच निरुपयोगी ठरते. जुनी गाडी त्या मार्गावर पुन्हा कधीही धावू शकत नाही. लोणंदच्या फलाटावर कित्येक पिढ्यांनी पाहिलेली ती गाडी आज कोणाला समोर पाहायची असेल, तर हाताशी उरते ती छायाचित्रे, कागदपत्रे आणि कोणी घडवली असेल तर एखादी लहान प्रतिकृती.

३/ वाहन ही इतिहासकाराची मोठी अडचण आहे. किल्ला जागेवर राहतो, मंदिर राहते, ताम्रपट जमिनीतून निघतो. गाडी मात्र वापरानेच झिजते. तिचे लाकूड चुलीत जाते, लोखंड भट्टीत जाते. म्हणून जगाच्या इतिहासात कित्येक वाहनांचे रूप आपल्याला त्यांच्या लहान प्रतिकृतींवरूनच कळलेले आहे.

४/ अशा प्रतिकृती कशा घडतात, त्यासाठी कोणते साहित्य आणि कोणती हत्यारे लागतात, १:८७ किंवा १:४३ हे आकडे आले कोठून आणि एखादे खेळणे इतिहासाचा पुरावा केव्हा ठरते, याविषयी हा थ्रेड. त्याची सुरुवात लोणंदपासून दूर, प्रवरेच्या काठी होते.

५/ दायमाबाद. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या श्रीरामपूर तालुक्यातील, प्रवरा नदीच्या डाव्या तीरावरील ताम्रपाषाणयुगीन वसाहत. १९७४ मध्ये छबू लक्ष्मण भिल्ल हे शेतकरी एका झुडपाच्या बुंध्याशी खणत असता त्यांना धातूच्या चार वस्तू मिळाल्या : एक रथ, एक रेडा, एक हत्ती आणि एक गेंडा.

६/ रथाची लांबी सुमारे ४५ सेंटीमीटर, रुंदी १६ सेंटीमीटर. पुढे दोन बैल जुंपलेले. आत १६ सेंटीमीटर उंचीचा एक पुरुष उभा. बैल आणि रथ यांना जोडणाऱ्या लांब दांडीवर एक कुत्रा. चाके आरे नसलेली, भरीव. महाराष्ट्रातील वाहनाच्या प्राचीन प्रतिकृतींपैकी ही सर्वांत प्रसिद्ध.

७/ येथे एक साधा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. उभ्या पुरुषाची खरी उंची १६० सेंटीमीटर धरली, तर प्रतिकृतीचे प्रमाण १:१० येते. त्याच प्रमाणाने मूळ वाहन बैलांसह साडेचार मीटर लांब आणि १.६ मीटर रुंद ठरते. दोन बैल शेजारी उभे राहतील अशा गाडीसाठी ही मापे मुळीच अशक्य वाटत नाहीत.

८/ मग दायमाबादच्या कारागिराने मोजून प्रमाणबद्ध रथ केला, असे म्हणावे काय? त्याच संचातील इतर वस्तू पाहिल्या की हात आखडता घ्यावा लागतो. चाकांच्या पाटासह रेड्याची उंची ३१ सेंटीमीटर आहे. हत्तीची चाके आणि आस हरवले आहेत. त्याची उरलेली उंची २५ सेंटीमीटर. हरवलेल्या चाकांची भर घातली तरी हत्ती फार तर रेड्याएवढा होतो.

९/ म्हणजे चारही वस्तूंना एकच प्रमाण लावलेले नाही. प्रत्येक वस्तू हाताळायला, ओढायला, कदाचित मिरवायला सोयीची होईल एवढ्या आकाराची आहे. रथाचे अवयव एकमेकांशी जुळतात, कारण कारागिराची नजर तयार होती. 'सर्व काही एकाच पटीने लहान' हा आग्रह त्याचा नव्हता. तो आग्रह पुष्कळ उशिरा आला, आणि रेल्वेमुळे आला. त्याकडे पुढे वळू.

१०/ या वस्तूंच्या काळाविषयीही एकमत नाही. म. के. ढवळीकर, सां. अ. साळी प्रभृतींनी त्या उत्तर हडप्पाकालीन मानल्या. डी. पी. अग्रवाल यांनी धातूच्या पृथक्करणाकडे बोट दाखवले : या वस्तूंत आर्सेनिकचे प्रमाण १ टक्क्याहून अधिक आहे, तर त्या काळच्या इतर तांब्याच्या वस्तूंत असे मिश्रण आढळत नाही. म्हणून त्या ऐतिहासिक काळातीलही असू शकतील, असे त्यांचे मत.

११/ हा वाद किरकोळ नाही. दख्खनमध्ये हडप्पा संस्कृतीचे लोक काय घेऊन आले, या प्रश्नाचे उत्तर काही अंशी या लहानशा गाडीवर अवलंबून आहे. आणि मूळ गाडी लाकडाची असणार, म्हणजे ती केव्हाच मातीत मिसळली. पुरावा उरला तो प्रतिकृतीचा.

१२/ अशा ओतकामाची कृती मेणाची. आधी मेणात मूर्ती घडवायची, तिच्यावर मातीचे लेप द्यायचे, तापवून मेण बाहेर काढायचे आणि पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. माती फोडली की वस्तू हाती येते. साचा एकदाच वापरता येतो, म्हणून प्रत्येक वस्तू एकमेव असते.

१३/ ही कृती पुढे ग्रंथबद्धही झाली. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (बाराव्या शतकाचा पूर्वार्ध) याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात मेणाच्या वजनावरून धातू किती घ्यावा हे सांगितले आहे : चांदी मेणाच्या १२ पट, सोने १६ पट. लहान वस्तू घडवण्याची विद्या नजरेवर भागत नाही, तिला आकड्यांचा आधार लागतो, हे तेव्हाही ठाऊक होते.

१४/ आता राजांच्या ग्रंथांतून शेतात येऊ. खंडाळा, फलटण, माण हा शाळू ज्वारीचा पट्टा. ज्वारीची काढणी झाली की मुलांच्या हाती वाळलेली धाटे येत. त्यांतून बैलगाडी करण्याची कला गावोगावी होती. तिचा इतिहास कोणी लिहिला नाही, कारण ती मुलांची होती आणि तिची आयुर्मर्यादा चार दिवसांची.

१५/ पण तिचे तंत्र पाहण्यासारखे आहे. धाटाची साल सोलली की दोन वेगळी द्रव्ये मिळतात. बाहेरची साल चिवट आणि वाकणारी, आतला गर हलका आणि टोचता येणारा. सालीच्या पट्ट्या ताण घेतात, गराचे तुकडे सांधे होतात. खिळ्यांचे काम बाभळीचे काटे करतात. गोंद नाही, दोरा नाही, हत्यार म्हणून फार तर विळा.

१६/ आजचा प्रतिकृतीकार पुठ्ठा आणि फोमशीट वापरतो तेव्हा तो याच तत्त्वावर चालतो : आत हलका गाभा, बाहेर ताण घेणारे कवच. शेतातल्या मुलाला हे कोणी शिकवले नव्हते. समोर खरी गाडी उभी होती, आणि तिचे जू, धुरा, साटा, आख, तुंबा, आरे हे शब्द त्याला बोलता येऊ लागल्यापासून ठाऊक होते.

१७/ हे शब्द आज वेगाने ओसरत आहेत. लाकडी चाकावर तापवलेली लोखंडी धाव चढवणारा सुतार-लोहारांचा मेळ दुर्मीळ झाला. गाडीला रबरी टायर आले, मग गाडीची जागा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने घेतली. लोणंदकरांना बैलांनी ओढलेले भव्य वाहन हमखास दिसते ते आषाढीच्या वारीत, ज्ञानेश्वर माउलींचा पालखी रथ नीरा ओलांडून मुक्कामाला येतो तेव्हा.

१८/ धाटाची गाडी आणि दायमाबादचा रथ यांत एक साम्य आहे. दोन्ही नजरेने केलेल्या, दोन्हींत ठरावीक प्रमाण नाही. त्यांवरून मूळ गाडीला कोणते अवयव होते हे कळते. आख किती जाड होता, चाक किती उंच होते, हे खात्रीने कळत नाही. 'कसे होते' आणि 'किती होते' यांमधील हे अंतर प्रमाण भरून काढते.

१९/ आता त्या आकड्यांकडे. ते मोटारींच्या जगात जन्मले नाहीत, खेळण्यातल्या रेल्वेतून आले. युरोपात विसाव्या शतकाच्या आरंभी 'ओ' नावाचे रूळ रूढ झाले. ब्रिटिशांनी त्यांसाठी एका फुटाला ७ मिलिमीटर असे प्रमाण धरले. एक फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर. त्याला ७ ने भागले की ४३.५ येतात. मोटारींच्या प्रतिकृतींचे प्रसिद्ध १:४३ प्रमाण ते हेच.

२०/ मग घरात जागा कमी पडू लागली आणि 'ओ'च्या निम्मे प्रमाण आले : फुटाला ३.५ मिलिमीटर, म्हणजे १:८७. त्याचे नाव 'एचओ', हाफ ओ. म्हणजे अर्धे इंग्रजी फुटात आणि अर्धे मिलिमीटरमध्ये मोजण्याच्या सवयीतून हे विचित्र दिसणारे आकडे जन्मले. १:२४ आणि १:४८ यांची कथा सोपी : फुटाला अर्धा इंच आणि पाव इंच.

२१/ या आकड्यांत तडजोडीही शिरल्या. ब्रिटनमधील इंजिने आकाराने लहान. १:८७ मध्ये त्यांच्या पोटात त्या काळची विजेची मोटर मावेना. म्हणून तेथे गाडी १:७६ ने केली, पण रूळ १:८७ चेच, १६.५ मिलिमीटरचे ठेवले. परिणामी ब्रिटिश खेळगाड्या आजही खऱ्या हिशेबापेक्षा अरुंद रुळांवर धावतात.

२२/ हा हिशेब लोणंदला लावून पाहू. १६.५ मिलिमीटरचे रूळ १:८७ ने वाढवले की सुमारे १,४३५ मिलिमीटर येतात. हे युरोपचे गेज. भारतीय ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर. त्यासाठी १:८७ मध्ये सुमारे १९.३ मिलिमीटरचे रूळ हवेत. बाजारात सहज मिळणाऱ्या रुळांवर आजची लोणंदची गाडी उभी केली तर ती प्रत्यक्षापेक्षा सुमारे २४ सेंटीमीटर अरुंद मार्गावर उभी राहते.

२३/ उलट जुनी मीटरगेज गाडी घ्या. १,००० मिलिमीटरला ८७ ने भागले की साडेअकरा येतात, आणि युरोपातील मीटरगेजसाठी १२ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात. चूक अवघी अर्ध्या मिलिमीटरची. जी गाडी १९७१ मध्ये गेली तिचे रूळ आज जवळजवळ अचूक मांडता येतात, आणि जी समोर धावते तिच्यासाठी रूळ स्वतः घडवावे लागतात.

२४/ महाराष्ट्रात या प्रमाणाचा जिवंत नमुना पुण्यात आहे. कर्वे रस्त्यालगत भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी खुले झाले. रूळ, सिग्नल, पूल, दिवे आणि वस्ती यांसह चालणारे एक संपूर्ण नगर तेथे १:८७ मध्ये मांडलेले आहे. गाड्या पाश्चात्त्य वळणाच्या, पण छंदाची चिकाटी पुणेरी.

२५/ रेल्वेच्या खेळासाठी स्थानक लागले, स्थानकाबाहेर रस्ता लागला आणि रस्त्यावर मोटारी. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३०च्या दशकाच्या आरंभी आपल्या हॉर्नबी रेल्वेला जोड म्हणून लहान मोटारी ओतल्या. लवकरच त्यांना 'डिंकी' हे नाव मिळाले. मोटारीची प्रतिकृती ही अशी रेल्वेची धाकटी बहीण आहे.

२६/ आरंभी शिसेमिश्रित धातू, नंतर जस्ताची मिश्रधातू पोलादी साच्यात दाबाने भरून या मोटारी होत. मेणाचा साचा एकदाच चाले, पोलादी साचा हजारो वेळा. परंतु जस्तात शिशाचा अगदी थोडा अंश शिरला तरी काही वर्षांनी धातू आतून फुगतो, भेगाळतो आणि चुरा होतो. युद्धपूर्व काळातील कित्येक डिंकी मोटारी कपाटात ठेवल्या जागी अशाच नष्ट झाल्या.

२७/ १९५३ मध्ये लेस्नी या लंडनच्या कंपनीने 'मॅचबॉक्स' मोटारी आणल्या. जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत आगपेटीत मावेल एवढेच खेळणे नेण्याची मुभा होती, म्हणून त्यांनी तिला पितळेचा इवलासा रोडरोलर करून दिला, ही त्यामागची कथा. १९६८ मध्ये अमेरिकेत 'हॉट व्हील्स' आल्या.

२८/ या खोक्यांमुळे एक जुनी गोष्ट परत आली. खोके एकाच मापाचे, म्हणून ट्रक आणि लहान मोटार जवळजवळ सारख्याच लांबीच्या. ट्रक अधिक आकसतो, मोटार कमी. दायमाबादच्या संचात रेडा हत्तीच्या तोडीचा व्हावा, तसेच हे. हाताच्या आणि पेटीच्या सोयीपुढे प्रमाण पुन्हा मागे पडले.

२९/ भारतात १९६०च्या दशकाच्या अखेरीस डिंकीचे काही जुने साचे कोलकात्याला आले आणि 'निकी' या नावाने त्या मोटारी येथे ओतल्या गेल्या. पण साचे ब्रिटिश, म्हणून बहुतेक वाहनेही परदेशी. मराठी मुलाच्या रोजच्या जगातले सर्वांत मोठे वाहन, म्हणजे एसटी, त्या साच्यांत कोठून असणार?

३०/ एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. बेडफर्डचा सांगाडा आणि लाकडी बांधणी. पुढे ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटांनी जोडलेली लाल गाडी आली. आता पोलादी बांधणीच्या गाड्या आल्या आहेत. सत्तरहून अधिक वर्षांत किती बांधण्या बदलल्या, खिडक्यांची किती रूपे झाली, याचा सगळा माग प्रवाशांच्या स्मृतीत आहे.

३१/ कारखान्यांनी जे केले नाही ते महाराष्ट्रातील हौशी तरुणांनी हाताने केले. गावोगावी एसटीच्या प्रतिकृती घडवणारे हात आहेत. साहित्य स्टेशनरीच्या दुकानातले : पुठ्ठा, सनबोर्ड, फोमशीट, ओएचपी शीट. हत्यारे त्याहून साधी : कटर, स्टीलची पट्टी, गुण्या, कर्कटक, कानस आणि पॉलिश पेपर.

३२/ सर्वांत महत्त्वाचे काम कटर उचलण्याआधीचे : मोजमाप. उभ्या गाडीची लांबी, रुंदी, उंची, पुढच्या आणि मागच्या आसांमधील अंतर आणि चाकांबाहेर पुढेमागे आलेला भाग, ही पाच मापे आधी घ्यायची. आसांमधील अंतर चुकले, तर बाकी कितीही नक्षीकाम केले तरी गाडी ओळखीची वाटत नाही.

३३/ गाडी मोडीत गेली असेल आणि छायाचित्रच उरले असेल, तर चाक हीच मोजपट्टी. टायरवर १०.००-२० असे लिहिलेले असते. त्यातील २० म्हणजे रिमचा व्यास इंचांत, अर्थात ५०८ मिलिमीटर. छायाचित्र बाजूने, दुरून आणि सरळ घेतलेले असेल, तर रिमच्या व्यासावरून खिडकी किती रुंद आणि दार किती उंच, हे गुणोत्तराने काढता येते.

३४/ आता प्रमाण निवडायचे. समजा गाडी ११ मीटर लांब आहे. १:८७ मध्ये ती १२६ मिलिमीटर होते, म्हणजे साधारण हाताच्या पंजाएवढीही नाही. १:४३ मध्ये २५६ मिलिमीटर. १:२४ मध्ये ४५८ मिलिमीटर, आणि रिम २१ मिलिमीटर. हाताने खिडक्या कापायच्या तर १:२४ सोयीचे, म्हणून मोठ्या गाड्यांसाठी हे प्रमाण हाताला बसते.

३५/ येथे भौतिक मर्यादा आडवी येते. खरा पत्रा १ मिलिमीटर जाड असेल, तर १:२४ मध्ये तो ०.०४ मिलिमीटर व्हायला हवा. वहीचा कागदही साधारण त्याच्या दुप्पट जाड असतो. म्हणून जाणता कारागीर पुठ्ठ्याची जाडी लपवतो : खिडकीची कड आतल्या बाजूने तिरपी तासतो, म्हणजे बाहेरून ती पातळ दिसते.

३६/ कापण्याचा क्रम ठरलेला. आधी आतल्या खिडक्या, मग बाहेरची कड, कारण भोवती कागद शिल्लक असेपर्यंत तुकडा ताठ राहतो. कटर एकदाच जोराने चालवायचा नाही. हलक्या हाताने तीन-चार वेळा त्याच रेषेवरून. गोलसर कोपरा असेल तर तेथे आधी भोक पाडायचे आणि सरळ रेषा त्या भोकांपर्यंत न्यायच्या.

३७/ रिव्हेटांच्या ओळी ही जुन्या लाल गाडीची खूण. त्या चिकटवल्या जात नाहीत. पातळ पुठ्ठा उलटा ठेवायचा, खाली मऊ कापड घ्यायचे, पट्टीच्या कडेने कर्कटकाचे बोथट टोक समान अंतरावर दाबत जायचे. पुठ्ठा सुलटा केला की उठावदार ठिपक्यांची ओळ तयार. पत्र्यांच्या सांध्यांसाठी कटरच्या पात्याची पाठ ओढायची.

३८/ छपराचा बाक साधण्यासाठी पातळ पुठ्ठ्याचे दोन-तीन थर फेव्हिकॉल लावून बाटलीसारख्या गोल वस्तूवर बांधून ठेवतात. वाळल्यावर थर एकमेकांना सरळ होऊ देत नाहीत आणि बाक टिकतो. चाकांना आस म्हणून सायकलचा आरा, आणि तो सहज फिरावा म्हणून त्यावर बॉलपेनच्या जाड, रिकाम्या रिफिलचा तुकडा. टायर जुन्या चपलेच्या रबराचे.

३९/ गोंद आणि रंग यांची निवड चुकली तर महिन्याचे काम मिनिटात जाते. फेव्हिक्विक थर्माकोलला खाते. थिनर असलेला स्प्रेही त्याला वितळवतो. म्हणून थर्माकोल किंवा फोम वापरला असेल तर आधी फेव्हिकॉलचा वा पाण्यातल्या रंगाचा लेप द्यायचा. रंगाचे थर पातळ आणि अनेक हवेत. जाड थर दिला की रिव्हेट बुजतात.

४०/ आता या सगळ्या खटाटोपाचे ऐतिहासिक मोल. केंद्र सरकारच्या नियमानुसार १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी चालू ठेवता येत नाही, आणि त्यांत राज्य परिवहन महामंडळांच्या बसही आल्या. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला मुंबईतील बेस्टची जुनी डिझेल दुमजली बस थांबली आणि ऑक्टोबरअखेर काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीचा काळ संपला.

४१/ एक-दोन गाड्या संग्रहालयात जातीलही. पण प्रत्येक आगाराची, प्रत्येक बांधणीची गाडी कोठेच ठेवता येणार नाही. अकरा मीटरच्या बसला जागा देणे सोपे नाही, ४६ सेंटीमीटरच्या बसला कपाटातील एक फळी पुरते. जी वाहने सामान्य माणसाने वापरली आणि म्हणूनच ज्यांची कोणी मोजदाद ठेवली नाही, त्यांचा अभिलेख प्रतिकृतीकाराच्या टेबलावर तयार होत आहे.

४२/ मात्र तो अभिलेख ठरण्यासाठी एक अट आहे. दायमाबादच्या रथाबद्दल विद्वान आजही वाद घालतात, कारण तो केव्हाचा आणि कशासाठी, हे त्याच्यासोबत लिहिलेले नाही. आजची सुबक एसटीही शंभर वर्षांनी तशीच मुकी ठरेल, जर तिच्याबरोबर तिची माहिती नसेल.

४३/ म्हणून प्रत्येक प्रतिकृतीच्या तळाशी चार ओळी लिहून ठेवाव्यात : प्रमाण किती, मूळ वाहन कोणते आणि कोणत्या बांधणीचे, मापे प्रत्यक्ष घेतली की छायाचित्रावरून, आणि कोणत्या तारखेला. नजरेने अंदाज केलेला भाग असेल तर तोही नोंदवावा. मापांचा कागद वेगळा जपावा, कारण जस्ताच्या मोटारीही चुरा होतात आणि पुठ्ठा तर कसरीचे अन्नच.

४४/ धाटाची गाडी करणाऱ्या मुलांची नावे कोणी टिपून ठेवली नाहीत. रथ ओतणाऱ्या कारागिराचेही नाव आपल्याला मिळणार नाही. जो आज मोडीत निघणाऱ्या गाडीशेजारी टेप घेऊन उभा राहतो, त्याला मात्र आपले नाव, तारीख आणि मापे एकाच कागदावर लिहिता येतात. इतिहासलेखनाला त्याहून अधिक साधनसामग्री आरंभी लागत नाही.

(थ्रेड समाप्त)